एप्रिल-मेमध्ये तुटलेलं वर्ष

प्रश्न : वय ४१, नोकरी करतो, तीन वर्षांपासून पळतो. यंदा डायरीत ८४० किलोमीटर भरले. जानेवारी ११०, फेब्रुवारी १०५, मार्च ८०, एप्रिल ३०, मे १२, जून ४०, मग वाढत वाढत नोव्हेंबरमध्ये ९८. नोव्हेंबरात १० किमी ६२ मिनिटांत झालं. डिसेंबरच्या हाफ मॅरेथॉनला (२१.१ किमी) मात्र २ तास ३४ मिनिटं लागली. पहिले १० किमी ६५ मिनिटांत गेले आणि पंधराव्यानंतर चालावं लागलं. सरावात सर्वात लांब १४ किमी, तेही दोनदाच. रोजचा पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, ६:३० मिनिटांच्या आसपास. पुढच्या वर्षी १५०० किमी, दोन तासांच्या आत हाफ आणि एक फुल मॅरेथॉन (४२.२ किमी), असं ठरवलंय. जमेल का?
– वाचक, जळगाव

उत्तर : तुमच्या डायरीतला सगळ्यात बोलका आकडा मे महिन्याचा आहे. मार्चअखेर २९५ किमीची पुंजी जमली होती, ती दोन महिन्यांत गेली आणि जूनमध्ये पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागली. जानेवारीचे ११० नंतर वर्षभरात एकदाही दिसले नाहीत. म्हणून पुढच्या वर्षाचं पहिलं ध्येय एकच ठेवा : उन्हाळ्यात खंड पडू द्यायचा नाही.

आता वेळेचं बघू. १० किमीच्या वेळेला २.२ने गुणलं की हाफची साधारण वेळ मिळते. ६२ मिनिटांवरून २ तास १६-१७ मिनिटं येतात, म्हणजे तुमची १७ मिनिटं रस्त्यात सांडली. वेग तुमच्याकडे आहे, दम कमी पडला. शिवाय सुरुवात घाईची झाली. पहिले १० किमी ६:३०ने गेले, उरलेले ११ मात्र ८ मिनिटांच्या पेसवर उतरले. दोन तासांच्या आत यायचं तर १० किमी ५४-५५ मिनिटांत यायला हवं. एका वर्षात साडेसात मिनिटं कापायला गेलात तर बहुधा पोटरी किंवा नडगी आधी बोलेल. २ तास २० मिनिटं धरा. २:१७ आलं तर उत्तमच.

पंधराशेही सोडा. नऊ महिने शंभर-शंभर, एप्रिल ७०, मे ६०, जून ७५ : झाले ११०५. तुमच्यासाठी ही भरपूर मोठी उडी आहे.

आपल्याकडे पारा ४४-४५ला टेकतो तेव्हा किलोमीटर आणि पेस दोन्ही विसरून फक्त मिनिटं मोजा. मेमध्ये आठवड्यातून तीन दिवस : दोनदा ३० मिनिटं, रविवारी ५०. पहाटे पाचला बाहेर पडा, सव्वासहाच्या आत घरी. संध्याकाळी नको, कारण डांबर आणि भिंती अंधार पडल्यावरही आग ओकत असतात. शरीराला उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. त्यानंतर घाम लवकर सुटतो आणि त्याच वेगाला नाडी कमी पळते. दोन-तीन आठवडे घरी बसलात की ही सवय जाते, म्हणून थोडं का होईना पळत राहायचं.

पळण्याआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. ८०० ग्रॅम घटलं तर साधारण ८०० मिली पाणी गेलं. ते पुढच्या दोन-तीन तासांत भरून काढा, एका दमात नाही. घरचं पाणी बनवायचं तर एक लिटरला चहाचे सपाट ६ चमचे साखर आणि त्याच चमच्याने अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने जास्त टाकू नका. पळताना काटा आला, थंडी वाजली, डोकं गरगरलं किंवा बोलणं विसंगत झालं तर तिथेच थांबा, सावली गाठा, अंगावर पाणी ओता आणि सोबत कुणाला तरी बोलवा. बोलणं विसंगत झालं असेल तर थेट दवाखाना.

दुसरी चूक म्हणजे सगळे रन ६:३०ने. हा पेस तुमच्यासाठी इझी (आरामाचा) नाही आणि टेम्पोही (नेटाने धरलेला जलद) नाही. पाय रोज थकतात, सुधारणा होत नाही. आठवड्यात दोन रन ७:१५ ते ७:४५ने करा. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. मेहरूण तलावाकडे ओळखीचं कुणी पुढे निघून गेलं तरी जाऊ द्या. आठवड्यातून एकदा १० मिनिटांचे दोन तुकडे ६:२०ने, मध्ये ३ मिनिटं अगदी हळू. रविवारी लाँग रन : सप्टेंबरात १२, ऑक्टोबरात १४-१६, नोव्हेंबरात १८ दोनदा. दर चौथ्या आठवड्याला अंतर एक-तृतीयांशाने कमी. शेवटचे १८ शर्यतीच्या दोन आठवडे आधी.

शर्यतीत पहिले ५ किमी ६:४५ने, सोळापर्यंत ६:३५ने, मग जे उरलं असेल ते ओतायचं. या हिशेबाने २:१९ला पोहोचता. फुल पुढच्याच्या पुढच्या वर्षी. त्यासाठी २८-३० किमीचे लाँग रन लागतात आणि तुमचं १८ अजून व्हायचंय.

प्रश्न : शर्यत २१.०९७५ किमीची, माझं घड्याळ २१.३५ दाखवतं. मार्ग चुकीचा मोजला होता का?
– वाचक, धुळे

उत्तर : बहुधा नाही. मार्ग सर्वात जवळच्या रेषेने मोजतात, तुम्ही वळणं बाहेरून घेता आणि गर्दीत नागमोडी पळता. जीपीएसची चूक त्यात भर घालते. घड्याळाचा पेस खरा मानून पळालात तर शेवटी दीड-दोन मिनिटं कमी पडतात. किलोमीटरच्या पाट्यांवर घड्याळाचं लॅप बटण स्वतः दाबा.

प्रश्न : शर्यतीच्या आदल्या रात्री घरी वरण-बट्टीचा बेत असतो. चालेल?
– वाचक, अमळनेर

उत्तर : बेत दुसऱ्या दिवशी दुपारी ठेवा. तुपात बुडालेली बट्टी पोटातून सावकाश पुढे सरकते. भरीत आणि कळण्याच्या भाकरीत तेल, मिरची, चोथा, शेवभाजीचंही तेच. आदल्या दिवशी साडेसातपर्यंत भात, साधं वरण, थोडी बटाट्याची भाजी. सकाळी सुरुवातीच्या तासभर आधी दोन केळी आणि पेलाभर पाणी. रस्त्यात सातव्या आणि चौदाव्या किमीला अर्धं-अर्धं केळं किंवा दोन-दोन खजूर. मात्र आधी लाँग रनमध्ये खाऊन बघितलेलंच खा.

प्रश्न : पळताना नडगीची आतली कड दुखते. पळत राहू का?
– वाचक, शहादा

उत्तर : बोटाने कड दाबत जा. दुखणं चार-पाच बोटं लांब पसरलेलं असेल आणि पळून झाल्यावर ओसरत असेल तर अंतर निम्मं करा. पायरीवर उभं राहून टाच वर-खाली, १२चे तीन सेट, गुडघा सरळ ठेवून आणि मग किंचित वाकवून, एक दिवसाआड. बूट ६००-८०० किमी चालले असतील तर बदला. एकाच बिंदूवर, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी कळ येत असेल, रात्री ठणकत असेल किंवा एका पायावर उडी मारता येत नसेल तर हाडाला बारीक चीर असू शकते. पळणं आजच बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीच्या एक्स-रेत ही चीर पुष्कळदा दिसत नाही, तेव्हा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून लगेच पळायला लागू नका.