मॅमोग्राफीची तारीख आली की छातीत धडधड व्हायली, काय करू?

प्रश्न : ताई नमस्कार. मी अंबाजोगाईची, वय ४६. माझ्या थोरल्या बहिणीला मागं स्तनाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, आता बरी आहे ती. डॉक्टर म्हणले तुम्ही पण मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, करून घ्या. मला गाठ-बीठ काही नाही, पण लातूरची तारीख घेतली की मी काहीतरी कारण काढून पुढं ढकलायले. रात्री झोप येईना, छातीत धडधड व्हायली. पोरगी पुण्याला असती, ती म्हणती मम्मी माइंडफुलनेस कर, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडंच लक्ष दे, मोबाईलमधे ॲप पण टाकून दिलं, पण डोळे मिटून बसलं की उलट सगळं बहिणीचंच आठवतंय. सासूबाई म्हणतात योगेश्वरीचं नाव घे अन् जा. माझ्यासारखीला हे जमंल का?

उत्तर : ताई, आधी ते डोळे मिटायचं सोडा. डोळे मिटलेच पाहिजेत असं काही नाही, आणि तुमच्यासारखं ज्यांनी घरात आजारपण जवळून बघितलंय त्यांना मिटल्यावर कधीकधी जास्तच त्रास होतो. डोळे उघडे ठेवा, चप्पल काढा, दोन्ही तळपाय फरशीला टेकवा आणि फरशी गार आहे का, टाच कुठं टेकलीय, बोटं कशी आहेत एवढंच बघत रहा. मन बहिणीकडं पळणारच. पळालं की स्वतःवर चिडू नका, ‘आठवण आली’ असं मनात म्हणा अन् परत तळपायाकडं या, शंभरदा पळालं तर शंभरदा या, ते परत येणं हाच सराव आहे. मन रिकामं व्हायला पाहिजे, भीती गेली पाहिजे असं बऱ्याच जणींना वाटतं आणि मग ‘मला जमत नाही’ म्हणून सोडून देतात. भीती कदाचित जाणार नाही. सख्ख्या बहिणीचं बघितलंय तुम्ही, वाटणारच ना भीती. पण ती असताना पण लातूरच्या गाडीत बसता यावं, एवढ्यासाठी हे करायचं.

सरावाला वेगळा वेळ पण नको. सकाळी भाकरी थापताना हाताला लागणारं पीठ, तव्याचा वास, भाकरी फुगताना दिसती ती, तेवढ्या वेळात मोबाईल नको न् टीव्ही नको. रात्री झोप येत नसंल तर श्वास नेहमीसारखा घ्या आणि सोडताना जरा लांबवा, सोडायला जास्त वेळ घेतला की हृदयाचे ठोके थोडे संथ होतात. जोर लावून मोठमोठे श्वास घेऊ नका, चक्कर आल्यासारखं होतं त्यानं. आणि सासूबाईंचं अगदी बरोबर आहे बरं का, श्वास सोडताना योगेश्वरीचं नाव घ्या, लक्ष टिकायला कशाचा तरी आधार लागतोच.

हे नुसतं फॅड नाही. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधे दुखण्यानं त्रासलेल्या पेशंटसाठीच माइंडफुलनेसचा कोर्स सुरू केला होता. आणि तिथल्याच ड्यूक विद्यापीठाच्या २०१६ च्या एका अभ्यासात स्तनाची बायोप्सी (सुईनं छोटा तुकडा काढून तपासणं) चालू असताना ज्या बायकांना ध्यान नाहीतर संगीत ऐकवलं, त्यांची घबराट नुसत्या गप्पा मारण्यापेक्षा जास्त कमी झाली.

आता तपासणीचं. काय होणार ते माहीत नसलं की मन भलतंच रंगवतं म्हणून सांगते. पाळी चालू असंल तर पाळी संपल्यावरच्या आठवड्यातली तारीख घ्या, तेव्हा स्तन कमी दुखरे असतात. त्या दिवशी पावडर किंवा डिओ लावू नका, फोटोत त्याचे ठिपके दिसू शकतात. कमरेवरचे कपडे काढावे लागतात, टेक्निशियन बाई असावी असं वाटत असंल तर तारीख घेतानाच विचारा, लाजू नका. स्तन दोन प्लेटांमधे दाबतात, साधारण प्रत्येक बाजूचे दोन फोटो, दाब काही सेकंदच असतो. दुखतं थोडं, कुणाला जास्त पण. ‘दाबायच्या आधी सांगा’ म्हणा, त्या वेळी खांदा सैल सोडा, जबडा आवळला असंल तर तो पण सोडा आणि सगळं लक्ष तळपायात न्या. लई दुखलं तर तिथंच बोला.

खरा कठीण काळ रिपोर्ट हातात येईपर्यंतचा. तेव्हा गूगल करत बसू नका. रिपोर्टवर बायरॅड्स म्हणून आकडा असतो, ० आला तर बायका हातपाय गाळतात, पण त्याचा अर्थ एवढाच की अजून फोटो किंवा सोनोग्राफी पाहिजे. १ म्हणजे काही सापडलं नाही, २ म्हणजे दिसलंय ते साधं आहे. ज्यांना परत बोलावतात त्यातल्या बहुतेक जणींना कॅन्सर नसतो. पुढं काय करायचं ते डॉक्टरकडूनच समजून घ्या, आणि बहिणीचं निदान कितव्या वर्षी झालं ते त्यांना नक्की सांगा, त्यावरून तुमची तपासणी किती वेळानं करायची ते ठरतं.

एवढं करून पण झोप लागतच नसंल, घरातली कामं सुचेनाशी झाली तर १४४१६ ला फोन लावा, मनाच्या त्रासासाठी सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि मधेच कधी गाठ लागली, निपलमधून पाणी किंवा रक्त आलं तर तारखेची वाट बघत बसू नका, तसंच डॉक्टरकडं जा.