घरात आजारपण असताना मुलाच्या क्रीडादिनाला जाऊन आनंद घ्यावा का?

ताई, तुम्ही लिहिलंय की सासरे सहा महिने अंथरुणावर आहेत, घरात कोणी मोकळेपणी हसत नाही, आणि अशात मुलाच्या क्रीडादिनाला जायला मन धजत नाही. जा. मी गेले होते, म्हणून सांगते.

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. माझ्या नवऱ्याचं डायलिसिस सुरू होऊन चार महिने झाले होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर वेळी चार तास. पाणीसुद्धा मोजून. लेक दुसरीत, तिचा क्रीडादिन शनिवारी सकाळी. शुक्रवारी रात्री हे इतके गळून गेले होते की मी तिला म्हटलं, यंदा शेजारच्या काकूंसोबत जा. ती काही बोलली नाही. चेस्ट नंबर आणि सेफ्टी पिना उशीखाली ठेवून झोपली. ह्यांनी ते पाहिलं. म्हणाले, "तू जा. मी झोपूनच राहणार आहे."

आमचं मानेवाडा तसं नागपूर शहराच्या कडेला, सकाळी थंडी अगदी झोंबते. फक्कीनं आखलेल्या लेन, माईकवर पीटीचे सर. पहिला अर्धा तास मी फोनच पाहत होते. मग लिंबू-चमच्याची शर्यत पुकारली. लेक तिसऱ्या लेनमध्ये. चमचा दातात, हात पाठीमागे, पण डोळे लिंबावर नाहीत, पालक बसले होते त्या मंडपाकडे. मी उभी राहून हात हलवला, तेव्हा कुठे तिनं मान सरळ केली.

अर्ध्यावर लिंबू पडलं. माझ्या शेजारी कोणाची तरी आजी होती, ती उठून ओरडायला लागली, "उचल वं पोरी, उचल! थांबून काहून राहिली?" मीही ओरडले. घसा बसेपर्यंत. पोर शेवटून दुसरी आली, पण तेवढा वेळ किडनीच्या रक्ततपासणीतला क्रिएटिनिन हा शब्द माझ्या डोक्यात नव्हता.

लगेच अपराधी वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मी घरी बसले असते तर त्यांचा थकवा तसूभर कमी झाला नसता. उलट, आपल्या आजारपणामुळे पोरीचं हुकलं, हे त्यांना लागलं असतं. तुम्ही सासऱ्यांजवळ दोन तास कोणाला तरी बसवा आणि आल्यावर त्यांना सगळं सांगा.

शर्यतीनंतर मुलांना एकेक संत्रं मिळालं होतं. लेकीनं ते खाल्लं नाही, बाबांसाठी आणलं. संत्र्यात पोटॅशियम जास्त, ह्यांना मनाई. त्या मोसमात आम्ही घरात संत्री आणणंच बंद केलं होतं. माझ्या पोटात धस्स झालं. हे उठून बसले, संत्रं सोललं, एकेक फोडीवरचे धागे काढले, बिया काढल्या आणि तिलाच भरवलं. ती घासागणिक शर्यत सांगत होती. लिंबू कुठे पडलं, कोण आडवं आलं. हे मधेच विचारायचे, "आणि आई काय करत होती?"

"आई ओरडत होती!"

सोमवारी डायलिसिसला एका हातात सुया लावून झाल्यावर ह्यांनी मला तीच शर्यत पुन्हा सांगायला लावली. चार तासांत दोनदा.