बीपी सारखंच, मग गोळ्या वेगळ्या का?

प्रश्न : डॉक्टर, मला आणि माझ्या जाऊबाईंना, दोघींनाही बीपी आहे, रीडिंगपण जवळपास सारखंच येतं, 150 च्या पुढे. त्यांना अम्लोडिपिन दिलीय आणि मला टेल्मिसार्टन, मला शुगरपण आहे. डॉक्टरांकडे कंपनीची माणसं येतात म्हणून असं होतं का? आणि मी त्यांचीच गोळी घेतली तर चालेल का?

उत्तर : ताई, तुमचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आलंय, शुगर. बीपीची गोळी नुसत्या आकड्यावरून ठरत नाही, त्या माणसाला आणखी काय काय आहे ते बघावं लागतं. शुगर असेल आणि लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन जायला लागलं असेल तर टेल्मिसार्टनसारखी गोळी बीपीबरोबर किडनीलाही जपते, म्हणून ती आधी देतात. जाऊबाईंना शुगर नसेल तर अम्लोडिपिन चांगलीच आहे, काहींच्या पायांवर तिने सूज येते एवढंच. रामिप्रिल ही बीपीचीच आणखी एक गोळी, तिने काहींना कोरडा खोकला लागतो आणि माणूस महिनोन्‌महिने खोकल्याची औषधं पीत बसतो, गोळीवर कुणाचा संशयच जात नाही. दमेकऱ्याला अटेनोलॉल ही बीपीची गोळी शक्यतो टाळतात, आणि दिवस राहिलेल्या बाईला टेल्मिसार्टन अजिबात चालत नाही.

आता कंपनीचं. शंका चुकीची नाही तुमची, डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटवस्तू घ्यायच्या नाहीत असा नियम 2009 मध्ये करावा लागला तो उगाच नाही. पण औषध कुठलं आणि ब्रँड कुठला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, औषध तुमच्या तब्येतीवरून ठरतं, कंपनीचा जोर चालतो तो जास्त करून ब्रँडवर. त्यामुळे महाग वाटत असेल तर सरळ विचारा, "यातलं जेनेरिक लिहून द्याल का?" टेल्मिसार्टन जनऔषधी केंद्रात मिळते. डॉक्टरांना राग येईल म्हणून गप्प बसू नका, विचारणं हा तुमचा हक्कच आहे.

जाऊबाईंची गोळी मात्र स्वतःहून सुरू करू नका आणि तुमची बंदही करू नका. टेल्मिसार्टन सुरू झाल्यावर रक्तातलं क्रिएटिनिन (यावरून किडनीचं काम कळतं) आणि पोटॅशियम तपासतात, ते झालंय का बघा. आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून घेत असाल तर ते डॉक्टरांना नक्की सांगा, त्याने बीपी वाढतं आणि या गोळीबरोबर किडनीवर ताण येतो. पेशंट हे सांगतच नाहीत, कारण दुखण्याची गोळी म्हणजे औषध असं कुणाला वाटतच नाही, मग बीपी का उतरत नाही म्हणून आम्ही डोस वाढवत बसतो.