आमच्या शहरात रविवारी मैदानावर शेतकरी बाजार भरवायचा आहे. लोक यावेत म्हणून काय आकर्षण ठेवावं?

लोक येतील हो. पहिल्या रविवारी तर नको इतके येतील. खरी परीक्षा चौथ्या रविवारी असते. पुण्यात आमच्या भागातल्या मैदानावर पुरंदरच्या एका शेतकरी गटाला घेऊन आम्ही काही रहिवाशांनी बाजार सुरू केला, तेव्हाची फजिती आधी सांगतो. तुमचे दोन-चार महिने वाचतील.

पहिल्या दिवशी फ्लेक्स, नारळ, सनई, सगळं केलं. सकाळी सातला चौदा टेबलं लागली आणि नऊला रिकामी झाली. आम्ही खूश. पण चहा-पोहे आटपून दहाला पिशव्या घेऊन आलेल्यांना दिसले ते रिकामे क्रेट आणि खाली पडलेली कोबीची पानं. त्यातले बरेच जण पुन्हा फिरकले नाहीत. पुढच्या रविवारी शेतकऱ्यांनी दुप्पट माल आणला, नेमकी मोठी लग्नतिथ निघाली, आणि मेथी-शेपूच्या जुड्या दुपारी टेम्पोत बसून परत गेल्या. टेम्पोचं भाडंही निघालं नाही. तिसऱ्या खेपेला चौदातले सहाच आले.

मैदान ओकंबोकं दिसू नये म्हणून आम्ही "कुणी ओळखीचं असेल तर आणा" म्हणालो, आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं. एका टेबलावर स्टिकर चिकटवलेली सफरचंदं! भाजी घ्यायला आलेल्या एका आजींनी विचारलंच, "दादा, सफरचंदाची बाग कुठंशी आली तुमची?" तो पहाटे मार्केट यार्डातून माल उचलून आला होता. त्याचं पोट आहे, मान्य. पण तेच घ्यायचं असेल तर कोपऱ्यावरचा भाजीवाला घराजवळ आहे, उधारही देतो. मग मैदानापर्यंत चालत कोण येईल?

म्हणून माझ्या मते तुमचं आकर्षण एकच: टेबलामागे उभा असलेला माणूस. त्यानं ते पिकवलेलं असलं पाहिजे, निदान त्याच्या गटानं तरी. न्यूयॉर्कमध्ये 1976 साली 'ग्रीनमार्केट' नावाचे असे उघड्यावरचे बाजार सुरू झाले, तिथंही आपण पिकवलेलंच विकायचं हा नियम आहे, आणि आज पर्यटकसुद्धा युनियन स्क्वेअरचा बाजार बघायला जातात. आपल्याकडेही गट जोडून देणारं कुणी हवं असेल तर राज्याच्या कृषी पणन मंडळाला, म्हणजे शेतमालाच्या विक्रीचं काम बघणाऱ्या सरकारी मंडळाला, विचारा. संत सावता माळी यांच्या नावानं शेतकरी आठवडे बाजारांचं अभियान 2016 पासून आहे. त्याच वर्षी फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला, म्हणजे तो बाजार समितीतच विकण्याचं बंधन गेलं, त्यामुळे शेतकऱ्यानं यार्डाबाहेर थेट विकण्यात पूर्वीची अडचण राहिलेली नाही. जागेची परवानगी मात्र नगरपालिकेकडून लेखी घ्या. तोंडी "चालवा हो" वर विसंबू नका.

रविवार सकाळच हवी का, याचाही विचार करा. सातच्या बाजारासाठी भाजी आदल्या संध्याकाळी काढावी लागते. रात्रभर ओल्या गोणपाटाखाली राहिलेली कोथिंबीर सकाळी दहापर्यंत मान टाकते. आम्ही पुढे बुधवारी दुपारी चार ते आठ अशी वेळ धरली. शेतकरी सकाळी काढणी करतो, जेवून निघतो, आणि ऑफिसातून परतणाऱ्यांना त्याच दिवशीची भाजी मिळते. गर्दी निम्मी झाली, खप वाढला. रविवारी अर्धे लोक फिरायला आलेले असत, लिंबाच्या ढिगाचे फोटो काढत आणि पाव किलो काकडी घेऊन जात. बुधवारी येणारा स्वयंपाकाचं ठरवून येतो. तुमचं गाव रविवारी लवकर उठणारं असेल तर ठेवा रविवार. एकदा ठरलेला वार आणि वेळ मात्र पावसातही बदलू नका.

ऑर्केस्ट्रा, बाउन्सी किल्ला वगैरे सुचवणारे भेटतील. त्यानं मुलं येतात, भाजी तशीच राहते. लोकांना ओढतो तो हंगाम. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी आली की बायका टेबलाशी घुटमळतात, "ही करायची कशी?" विचारतात, आणि विकणाऱ्या मावशी "तेलात लसूण घाल, डाळ भिजवून टाक, पाणी नको घालूस" असं बोलता बोलता तीन जुड्या खपवतात. ते ऐकायला लोक थांबतात. चाकवतासारखी नव्या पिढीनं न पाहिलेली भाजी असेल तेव्हा आम्ही पुठ्ठ्यावर दोन ओळींची कृती लिहून लावतो. सीताफळाच्या दिवसांत एक फळ फोडून ठेवायचं. थंडीत हुरडा मिळाला तर सोन्याहून पिवळं. फक्त चौदा जणांनी चौदा टेबलांवर टोमॅटोच मांडला असं होऊ देऊ नका. कोण काय आणणार, हे आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर ठरतं, आणि दर आठवड्याला त्यावरून होणारं भांडण मिटवायला एक माणूस लागतोच. आमच्याकडे निवृत्त बँकवाले काका आहेत. त्यांच्याशिवाय बाजार महिनाभरही टिकला नसता.

भाव फळ्यावर लिहा. यार्डाचा ठोक भाव आणि गल्लीतला किरकोळ भाव यांच्या मधला धरला तर दोघांनाही परवडतो. "इथं स्वस्त" असा फ्लेक्स लावू नका, कारण ज्या आठवड्यात टोमॅटो रस्त्यावर फेकायची वेळ येते त्या आठवड्यात तुमच्यापेक्षा स्वस्त हातगाडीवाला असणारच. वजनकाट्यांचं मुद्रांकन, म्हणजे सरकारी तपासणीचा शिक्का, झालेलं आहे ना, तेही बघा.

शेडसाठी नगरपालिकेच्या मागे लागू नका. पुण्याची मंडई पूर्वी शनिवारवाड्यासमोर उघड्यावरच भरायची. तिच्यासाठी इमारत बांधायची ठरली तेव्हा जोतीराव फुल्यांनी त्या खर्चाला विरोध केला होता. 1886 मध्ये रे मार्केट म्हणून ती उघडली, आणि आज त्याच इमारतीला आपण फुले मंडई म्हणतो! तुम्हाला घडीचे तंबू पुरतील. पैसे खर्च करायचेच तर बायकांसाठी स्वच्छतागृहावर करा. आमच्या गटातल्या बहिणी घरून निघाल्यापासून पाणीच प्यायच्या नाहीत, हे आम्हा पुरुषांच्या सहा महिने लक्षातही आलं नव्हतं. शेवटी समोरच्या सोसायटीनं तळमजल्यावरची खोली उघडून दिली.

तुमच्या मैदानावर नळ आहे का, टेम्पो आत येतो का आणि जवळचं गाव किती किलोमीटरवर आहे, एवढं खाली लिहा. मग किती टेबलांनी सुरुवात करावी ते सांगता येईल. आत्ताच विचाराल तर सहा म्हणेन.