कॉन्व्हेंटमध्ये हिंदू मुलांना ख्रिश्चन धर्म शिकवतात का? साताऱ्यात मुलीला पहिलीत घालायचंय, सासूबाई नको म्हणतात.

साताऱ्यातल्याच एका कॅथलिक शाळेच्या प्राथमिक विभागात मी चौदा वर्षं मराठी शिकवलं. आमच्या घरी माळकरी सासरे होते, त्यामुळे तुमच्या सासूबाईंचं बोलणं मी शब्दशः ऐकलेलं आहे.

आधी शाळा कॅथलिक आहे ना, ते बघा. आपल्याकडे इंग्रजी नाव आणि टाय दिसला की सगळं 'कॉन्व्हेंट'. पाचगणीचं सेंट जोसेफ खरंच सिस्टरांनी काढलेलं, पण तिथलंच सेंट पीटर्स अँग्लिकन, म्हणजे प्रॉटेस्टंट, परंपरेतलं. ढोबळ खूण सांगते: फादर-सिस्टर असतील तर कॅथलिक, पाळकसाहेब बायकोमुलांसह राहत असतील तर प्रॉटेस्टंट.

आता मूळ प्रश्न. धर्मशिक्षण म्हणजे कॅटेकिझम. आमच्याकडे ते फक्त कॅथलिक मुलांना असायचं. घंटा झाली की वर्गातली पाच-सहा मुलं छोटी पुस्तकं घेऊन सिस्टरांच्या मागे जायची आणि उरलेल्यांना मी मॉरल सायन्स, म्हणजे मूल्यशिक्षण, घ्यायचे. (बाहेर जायला मिळतं म्हणून उरलेल्यांना त्यांचा हेवा वाटायचा, धर्माशी त्याचा काही संबंध नव्हता.) कॅटेकिझमच्या तासाला क्रुसाची खूण, प्रार्थना, दहा आज्ञा आणि तिसरी-चौथीच्या सुमाराला पहिल्या कम्युनियनची, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याची, तयारी. त्याआधी फादरकडे पापं कबूल करावी लागतात. एकदा तपासायला आलेल्या मराठीच्या वहीत मागच्या पानावर यादी सापडली: 'भावाला चावलो. मम्मीच्या पर्समधून पाच रुपये. मराठीचा गृहपाठ शेजारच्या ताईकडून.' मी वही मिटली. तिसऱ्या पापाबद्दल बोलायचं फार मनात होतं, पण ते फादरसाठी लिहिलेलं होतं.

सासूबाईंना वाटतं तसं मुलांना गुपचूप प्रसाद वगैरे कोणी देत नाही. कम्युनियनची ती पांढरी चकती बाप्तिस्मा न झालेल्याला देतच नाहीत, त्यांच्यात ती फार जपायची गोष्ट आहे.

पण काहीच कानावर पडत नाही असं म्हटलं तर खोटं होईल. परिपाठाला प्रार्थना येशूच्या नावाने होते. डिसेंबरात येशूजन्माची गव्हाणी मांडतात. मॉरल सायन्समध्ये बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट मी स्वतः सांगितली आहे, आणि चांगली सांगितली आहे. दोन महिन्यांत तुमची लेक डबा उघडण्याआधी कपाळ-छाती-खांदे करायला लागेल. घरी जेवताना श्लोक म्हणत असाल तर ती दोन्ही करेल. या वयात मुलांना दोन्हीचं ओझं होत नाही.

एका राखेच्या बुधवारी (ईस्टरआधीच्या उपासकाळाचा पहिला दिवस) पीटर (नाव बदललंय) कपाळावर काळपट क्रूस घेऊन वर्गात आला. शेजारी बसायचा तो वारकरी घरातला, त्याच्या कपाळाला बुक्का. तो निरखून म्हणाला, "तुझा बुक्का फिसकटलाय." पीटर म्हणाला, "बुक्का नाय, राख आहे. गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळतात त्याची." याने विचारलं, "कशाला?" पीटर म्हणाला, "आपण मरणार म्हणून." यावर दुसरा जरा विचार करून म्हणाला, "आमची आजी पण असंच म्हणते." मग दोघांनी रबरावरून भांडण काढलं.

कायद्याचं थोडक्यात. राज्यघटनेच्या कलम २८ च्या तिसऱ्या खंडानुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला बसायला भाग पाडता येत नाही. कलम ३० अल्पसंख्याकांना शाळा काढून चालवायचा हक्क देतं, पण त्याने तुमचा हा हक्क जात नाही. गंमत अशी की प्रवेशाच्या फॉर्मवर पालक न वाचता सह्या करतात आणि मग जूनमध्ये भांडायला येतात. फॉर्म वाचा. प्रार्थनेला मुलगी नुसती हात जोडून उभी राहिली तर चालेल का, कॅटेकिझमच्या तासाला तिच्या वर्गाला काय असतं, हे ऑफिसात नाही, मुख्याध्यापिका सिस्टरांनाच विचारा. त्यांना हा प्रश्न नवा नसतो आणि रागही येत नाही.

माझी खरी तक्रार कॅटेकिझमबद्दल कधीच नव्हती, टिकलीवरच्या बंदीबद्दल होती. आमच्याकडे नागपंचमीनंतर मेंदीचे हात घेऊन आलेल्या पोरींना आठवडाभर बोलणी बसायची. 'युनिफॉर्मचा नियम' म्हणायचे, पण सहा वर्षांच्या पोरीला त्यातून एवढंच कळतं की घरचा सण शाळेत चालत नाही. मी दोनदा मीटिंगमध्ये बोलले. दुसऱ्या वेळी मेंदीला सूट मिळाली, टिकली आणि बांगड्या तशाच राहिल्या. तेव्हा सिस्टरांना भेटाल तेव्हा सणांच्या दिवसांचं काय, तेही विचारून घ्या.