वाडा किती टिकेल, हे स्कॅनर सांगेल?

प्रश्न : वाईत आमचा जुना दुचौकी वाडा आहे. मागच्या भिंतीला पोट आलं आहे आणि माडीची एक तुळई खचल्यासारखी वाटते. मुलगा म्हणतो, लेझर स्कॅनिंग करून घेऊ, वाडा अजून किती वर्षं टिकेल ते कळेल. चुलतभावांच्या मते हा पैशाचा चुराडा आहे. काय करावं?
– एक वाचक, वाई

उत्तर : किती वर्षं टिकेल, हे स्कॅनरला विचारू नका. तो तिपाईवर उभा राहून चहूकडे किरण सोडतो आणि परतलेल्या प्रकाशावरून अंतर काढतो, सेकंदाला लाखो बिंदू. खोल्याखोल्यांतून घेतलेले हे बिंदू जुळवले की वाड्याचा हुबेहूब त्रिमित आकार मिळतो, चूक फार तर काही मिलिमीटरची. पण किरण पृष्ठभागावरच अडतो. गिलाव्याआडचं त्याला दिसत नाही. आणि वाड्यांच्या तुळया कुजतात त्या नेमक्या भिंतीत शिरलेल्या टोकाशी!

भिंतीच्या पोटासाठी मात्र मी स्कॅनिंगच सुचवेन. ओळंबा सोडून दोन-चार जागी माप मिळतं. स्कॅनवरून अख्ख्या भिंतीचा रंगीत नकाशा निघतो, कुठे किती फुगवटा आणि तो कुठे संपतो ते दाखवणारा. आपल्याकडच्या जाड भिंती बहुधा दुपदरी असतात, मध्ये माती आणि चिपा. वरून पाणी मुरलं की पदर सुटतात आणि बाहेरचा पदर पोट काढतो. तो अजून सरकतोय, की आजोबांच्या काळापासून तसाच आहे? पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, त्याच पक्क्या खुणा धरून दोनदा स्कॅन करा. स्थिर पोटासाठी भिंत उतरवायची गरज बहुधा पडत नाही. चुलतभावांना हा हिशोब सांगा.

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचं उदाहरण घ्या. मध्ययुगीन गवंड्यांनी ते कसं बांधलं हे समजून घेण्यासाठी अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासकाराने 2010 मध्ये ते स्कॅन केलं. अब्जावर बिंदू मिळाले. पश्चिमेकडचं बांधकाम ओळंब्यातून किती ढळलंय तेही उमगलं. 15 एप्रिल 2019 ला आग लागली, त्याच्या काही महिने आधीच टॅलन वारले होते. पुढे त्यांची मापं पुनर्बांधणीत आधाराला आली. पण छताचा जळालेला ओकचा सांगाडा पुन्हा घडवताना, आगीच्या काही वर्षं आधी दोन वास्तुविशारदांनी प्रत्यक्ष मोजून काढलेली रेखाटनंही तितकीच मोलाची ठरली. लाकडाचे सांधे माणसाने जवळ जाऊन, हात लावूनच पाहायचे असतात.

काम दिलंत तर मूळ बिंदूंचा डेटा स्वतःकडे घ्या, नुसते नकाशे नकोत. नकाशा काढणाऱ्या पोरांना वाकडी भिंत बघवत नाही. संगणकावर ती सरळ होते, खोल्या काटकोनात येतात, आणि ज्या वाकडेपणासाठी पैसे मोजले तोच नाहीसा होतो. ‘आहे तसं काढा’ हे करारात लिहून घ्या. मागच्या भिंतीला टेकलेली कपाटं आणि पेट्या आधी हलवा, कारण त्यांच्यामागे कोरी जागा राहते. दिवाणखान्यात बिलोरी आरसे असतील तर चादरी टाका, नाहीतर भिंतीपलीकडे नसलेली खोली उमटते. (एका वाड्यात अशी खोली पाहून घरच्यांना गुप्तधनाची स्वप्नं पडू लागली होती.)

तुळईचं मात्र स्कॅनिंगपर्यंत थांबवू नका. जुन्या लाकडाची जाण असलेला सुतार बोलवा, टोकापाशी गिलावा काढून टोचणीने लाकूड तपासायला सांगा. पोकळ लागलं तर खाली त्याच दिवशी टेकू द्या, आणि तोवर माडीवर धान्याची पोती ठेवू नका.