पाळीच्या आधीचे आठ दिवस आणि दुधाच्या हिशेबाचं कॅलेंडर

“महिन्यातले आठ दिवस मी माझी नसतेच, मॅडम. मुलगी डबा विसरली म्हणून परवा तिच्यावर हात उगारला. पाळी आली की दोन दिवसांत सगळं शांत होतं, आणि मग केलेलं आठवून रडू येतं. मला वेडबीड लागतंय का?”

३६ वर्षांची, पतसंस्थेत नोकरी करणारी, दोन मुलांची आई. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) हा प्रश्न शब्दांच्या थोड्याफार फरकाने कितीतरी जणी विचारतात.

वेड नाही, हे तिला लगेच सांगितलं. पण ‘हे पाळीमुळेच’ असं पहिल्या भेटीत सांगता येत नाही आणि सांगूही नये. हॉर्मोनच्या तपासण्या करूनही ते कळत नाही, कारण असा त्रास होणाऱ्या बायकांची पातळी बहुधा इतरांसारखीच असते. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन वाढतं आणि पाळी जवळ आली की उतरतं. या नेहमीच्याच चढउताराला काहींचा मेंदू जास्त तीव्र प्रतिसाद देतो. म्हणून ‘तुझा स्वभावच चिडका’ हे चूक, आणि ‘मनावर घेऊ नकोस’ हे निरुपयोगी.

कळतं ते रोजच्या नोंदीतून, आणि तीही सलग दोन पाळीचक्रांच्या. वेगळी वही करायला सांगितली की ती आठवड्यात हरवते. तिच्या स्वयंपाकघरात दुधाचा हिशेब लिहायचं कॅलेंडर होतंच. दीड लिटर, एक लिटर, मध्येच खाडा. त्याच चौकोनात रोज झोपण्याआधी तीन अक्षरं लिहायची ठरली: ‘चि’ म्हणजे चिडचिड, ‘थ’ म्हणजे थकवा, ‘फु’ म्हणजे पोट फुगणं आणि स्तन दुखणं. प्रत्येकापुढे १ ते ६ पैकी आकडा. १ म्हणजे अजिबात नाही, ६ म्हणजे असह्य. रक्तस्राव सुरू झाला त्या तारखेला लाल गोल, तो दिवस पहिला.

इथे चुका ठरलेल्या असतात. रविवारी बसून आठवड्याचे आकडे एकदम भरले जातात. मग आठवणीत राहिलेलं एक भांडण चार दिवसांवर पसरतं. दुसरी चूक जास्त महागात पडते: बरे दिवस लिहायचेच नाहीत. खरं तर निदान त्या बऱ्या दिवसांवरच ठरतं. पाळी संपल्यानंतरचा आठवडा मोकळा गेला पाहिजे. तो मोकळा जात नसेल, तर कारण दुसरं काही असू शकतं, किंवा आधीपासूनचं नैराश्य पाळीपूर्वी वाढत असू शकतं.

तिची दोन महिन्यांची पानं समोर ठेवली तेव्हा ‘चि’ अगदी स्पष्ट दिसलं. २१व्या दिवसापासून ४, ५, ६; पाळीच्या तिसऱ्या दिवशी १; आणि पुढे दोन आठवडे १च. ‘फु’ त्याच्या मागोमाग. पण ‘थ’ मात्र महिनाभर ४. हा थकवा पाळीपूर्व त्रासातला नव्हता. विचारल्यावर कळलं की पाळीत दर दोन तासांनी पॅड बदलावा लागतो, आणि तिला ते नेहमीचंच वाटत होतं. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन ८.७ निघालं, १२च्या खाली म्हणजे रक्तक्षय. जास्त रक्तस्रावाची तपासणी आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नाही. दोन्हींमध्ये काही तासांचं अंतर हवं, नाहीतर लोह अंगी लागत नाही.

कॅलेंडरने आणखी एक गोष्ट दाखवली. दोन्ही महिन्यांत चिडचिडीचा ६ संकष्टीच्या दिवशीच होता. संकष्टी साधारण २९-३० दिवसांनी येते आणि तिचं चक्र २८-२९ दिवसांचं, त्यामुळे उपवास महिनोन्‌महिने पाळीच्या आधीच्या आठवड्यातच पडत होता. त्या दिवशी पोटात काय, तर पाच कप चहा आणि चंद्रोदयानंतर जेवण. उपवास सोडायला कुणी सांगितलं नाही. दर तीन-चार तासांनी दही, शेंगदाणे, राजगिऱ्याची लापशी, आणि चहा दोनच कप, एवढं ठरलं.

पाळीपूर्व त्रासात कॅल्शियमचा उपयोग होतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचा त्रास तिसऱ्या चक्रापर्यंत जवळपास निम्म्यावर आला होता. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचाही सुमारे ३० टक्के उतरला, हेही लक्षात ठेवावं. पन्नास ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या भाकरीतून अंदाजे १८० मिलिग्रॅम मिळतं, दुधाच्या लहान पेल्यातून २४०च्या आसपास. उरलेल्यासाठी गोळी डॉक्टरांना विचारून, मुतखडा झाला असेल तर नक्कीच विचारून. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नये. दुकानातून आणलेल्या बी-६ जीवनसत्त्वाच्या जास्त ताकदीच्या गोळ्या मात्र मनाने महिनोन्‌महिने खाऊ नयेत. नसांना इजा होऊन हातापायांना मुंग्या येऊ शकतात.

चिडचिड दर महिन्याला ५-६वर जाऊन नोकरी किंवा नाती मोडायला आली, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं, ही पानं घेऊन. नैराश्यावरच्या काही गोळ्या या त्रासात काही दिवसांतच लागू पडतात, आणि कित्येकींना त्या महिन्यातले पाळीआधीचे दोन आठवडेच घ्याव्या लागतात. जीव द्यावासा वाटत असेल, तर दोन महिने नोंदी करत बसू नये. १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

तिला त्या गोळ्यांची गरज पडली नाही. चौथ्या महिन्यात ‘थ’ २वर होता. ‘चि’ अजून दोन दिवस ४ला जातो. त्या दोन तारखांना दुधाच्या आकड्याशेजारी नवऱ्याच्या अक्षरात ‘खि’ लिहिलेलं असतं: त्या रात्री खिचडी, आणि कुकर तो लावतो.